पोट सुटले, टक्कल पडले : स्वतःच्या रूपावर हसवणारा ‘मी’

मराठी माणसाला टक्कल पडते. (नवसाने किंवा हौसेने कुणी ‘टक्कल केले’ तर ती गोष्ट वेगळी.) त्याचे पोट सुटते, जणू दाव्याचे जनावर सुटावे किंवा शाळा सुटावी. त्याला चष्मा लागतो, जशी ठेच लागते. केस पिकतात, गळतात आणि शेवटी ‘जातात’. दात पुढे येतात. वजन वाढते. चेहरा उतरतो. उन्हात रंग रापतो. या सगळ्या वाक्यांत कर्ता कोण आहे ते पाहावे. पोट आहे, टक्कल आहे, केस आहेत, दात आहेत. ज्याचे शरीर आहे तो माणूस मात्र ‘माझे’ किंवा ‘मला’ असा षष्ठीत नाही तर चतुर्थीत, वाक्याच्या कडेला उभा असतो. घडते ते त्याच्यावर घडते, आणि त्याला विचारून घडत नाही.

स्वतःच्या रूपाविषयी जाहीरपणे बोलून लोकांना हसवू पाहणाऱ्या मराठी वक्त्याला ही भाषेने दिलेली मोठीच सोय आहे. शरीर म्हणजे आपल्याच घरात राहणारा, पण आपले न ऐकणारा दुसरा गृहस्थ, ही कल्पना त्याला मुद्दाम रचावी लागत नाही. ती व्याकरणातच आहे. त्याने फक्त वाक्प्रचार अक्षरशः घ्यायचा. ‘लोक म्हणतात, पोट सुटलं. कुठून सुटलं? आमच्या घराण्यात ते कुणी बांधलेलंच नव्हतं.’ किंवा, ‘माझे केस गेले. अचानक नाही, बरेच दिवस आजारी होते.’ ही दोन्ही वाक्ये वर्गात मुलांसमोर बोलून पाहिलेली आहेत. दुसऱ्याला हशा जास्त येतो. ‘गेले’ या क्रियापदात मराठी माणूस मृत्यूही सांगतो आणि केसही सांगतो, आणि वाक्याच्या शेवटापर्यंत तो ते दोन अर्थ वेगळे करत नाही, म्हणून.

आता याच भाषेचे दुसरे तोंड पाहू. जाड्या, टकल्या, चष्म्या, ढेरपोट्या, नकटी, चकणा, लंबू, ठेंगू. येथे काही ‘घडलेले’ नाही. एक लक्षण घेतले, त्याला प्रत्यय लावला आणि माणूस संपला. लॉरेल आणि हार्डी या जगप्रसिद्ध जोडीला आपण मराठीत सरळ ‘जाड्या-रड्या’ केले आणि त्यांची मूळ नावे कित्येकांच्या कानी उशिरा पडली, यात या प्रत्ययाची ताकद दिसते. ‘माझे पोट सुटले’ म्हणणारा माणूस पोटापासून वेगळा राहतो, पोटाचा साक्षीदार असतो. ‘मी ढेरपोट्या’ म्हणणारा पोटातच विरघळतो. रूपावरचा विनोद या दोन व्याकरणांमध्ये ये-जा करत असतो, आणि तो करणाऱ्याचे भले होते की नुकसान, हे बऱ्याच वेळा तो कोणत्या वाक्यावर थांबला यावर ठरते असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखात स्टँडअप कॉमेडी या नव्या प्रकाराकडे याच बाजूने पाहायचे आहे.

सोंगाआडचा मी

रूपावर हसणे जुनेच. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये हास्यास्पद म्हणजे ज्याने कुणाला वेदना होत नाही अशी कुरूपता किंवा चूक असे सांगितले आणि दाखला दिला तो विनोदी मुखवट्याचा, वेडावाकडा पण न दुखणारा. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद आहेत. स्वतः हसतो ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. त्याच ग्रंथात विदूषकाचे जे वर्णन आहे ते आजच्या कोणत्याही शाळेतल्या चिडवण्याच्या यादीशी ताडून पाहण्यासारखे आहे. ठेंगू, पुढे आलेले दात, कुबड, टक्कल, पिंगट डोळे, वेडेवाकडे तोंड. मात्र हा विदूषक ब्राह्मण असतो आणि राजाचा मित्र असतो. अंतःपुरापर्यंत त्याची ये-जा, जेवणाची ददात नाही. त्याच्या टकलावर सगळे नाट्यगृह हसले तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटातला मोदक कमी होत नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल, म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

मराठीत एकट्याने उभे राहून ‘मी’ म्हणत शरीराविषयी बोलण्याचा पहिला भरघोस नमुना म्हणजे एकनाथांची भारुडे. आंधळा, बहिरा, मुका, पांगळा अशी रूपके नाथांनी लिहिली आणि त्यांतला बोलणारा आपले व्यंग प्रथमपुरुषी सांगतो. अर्थात तो ‘मी’ म्हणजे नाथ नव्हेत आणि भारूड सादर करणारा कलावंतही नव्हे. ते सोंग आहे. खाली परमार्थ आहे. सोंग उतरवले की पांगळा दोन पायांवर चालत घरी जातो. चोखोबांनी उसाच्या वाकडेपणाचा दृष्टान्त घेऊन बाह्य रूपाचा प्रश्न विचारला तेव्हा मात्र बोलणाऱ्याला सोंग उतरवण्याची सोय नव्हती, आणि त्या अभंगावर कुणी हसतही नाही. हा फरक केवळ रसाचा नाही.

आधुनिक मराठी गद्यात स्वतःच्या देहयष्टीकडे हसत पाहणारा सर्वांत प्रिय ‘मी’ बडोद्यात जन्माला आला, याचा आपल्यापैकी बडोदेकरांना सार्थ अभिमान असतो. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते. त्यांचा चिमणराव पुण्याचा, किरकोळ अंगाचा, भित्रा, कारकुनी पेशाचा. शेजारी गुंड्याभाऊ हा दणकट मावसभाऊ. आपण कसे दिसतो आणि आपल्याला काय झेपत नाही हे चिमणराव स्वतःच सांगतो, तक्रार न करता, जणू सरकारी अहवाल लिहावा तसे. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघर पोचवली. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात होते, बेळगावच्या ‘रावसाहेबां’ना त्यांनी अजरामर केले, पण त्यांच्या ‘असा मी असामी’तला ‘मी’ म्हणजे पु. ल. नव्हेत, धोंडो भिकाजी कडमडे जोशी आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न पात्रे उभी केली, तेथे तर कलावंत स्वतः जवळजवळ दिसेनासा होतो.

आपली एकपात्रीची परंपरा अशी आहे. ‘मी’ आहे, पण त्याला निराळे नाव आहे. चिमणराव बारीक म्हणून बडोद्याच्या रस्त्यात प्राध्यापक जोशींना कुणी अडवले नसावे.

नाव बदलायची सोय गेली

स्टँडअपमध्ये एवढीच एक गोष्ट बदलली, पण ती बदलल्याने सगळे बदलले. एक माईक, क्वचित एक उंच स्टूल, पाण्याची बाटली. रंगभूषा नाही, पात्र नाही. जाहिरातीवर जे नाव, तेच मंचावरच्या ‘मी’चे. भारतीय डिजिटल पार्टी अर्थात ‘भाडिपा’सारख्या मंडळींमुळे मराठीतही हा प्रकार आता रुळला आहे आणि आपल्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत नाट्यछटेची जागा त्याने केव्हाच घेतली आहे. कार्यक्रमाची सुरुवात बहुतेक वेळा स्वतःच्या दिसण्यावरून होते. याचे कारण व्यावहारिक आहे. अनोळखी माणूस मंचावर आला की प्रेक्षक पहिल्यांदा त्याला डोळ्यांनी मोजतात. जे सगळ्यांना दिसले आहे ते त्याने आधी बोलून टाकले की दोघांमधला अवघडलेपणा जातो. जाड माणूस जाडीबद्दल बोलला नाही तर प्रेक्षक पाच मिनिटे तो कधी बोलेल याची वाट पाहत बसतात.

या प्रकाराच्या मूळ भूमीत, म्हणजे अमेरिकेत, स्वतःच्या रूपावरचा विनोद पुढे नेण्यात फिलिस डिलर यांचा वाटा फार मोठा. पाच मुलांची आई असलेल्या डिलर १९५५ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘पर्पल अनियन’ या छोट्या जागी पहिल्यांदा उभ्या राहिल्या. पिंजारलेले केस, हातमोजे, लांब सिगारेटची नळी, भडक घोळदार झगा, आणि तासभर स्वतःच्या कुरूपतेवर, स्वयंपाकावर आणि ‘फँग’ नावाच्या काल्पनिक नवऱ्यावर विनोद. त्यांच्या विनोदांची विषयवार लावलेली पत्रे, एकूण ५०,००० हून जास्त, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. रचनेच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावे ते त्या झग्याबद्दल. डिलर यांचा बांधा चांगला होता. तो दिसला तर विनोद पडतील म्हणून त्यांनी तो झग्यात लपवला. म्हणजे नाव खरे, पण रूप रचलेले. आपल्या सोंगाड्याला ही युक्ती सांगितली असती तर त्याला तिचे काहीच नवल वाटले नसते. हिंदीत भारती सिंग यांनी ‘लल्ली’ या लहान मुलीचे सोंग घेऊन नाव कमावले आणि स्वतःच्या वजनावरही उघडपणे विनोद केले, तेव्हा सोंग आणि स्वतः यांच्यातली भिंत बरीच पातळ झालेली होती.

ही भिंत पुरती काढली की काय होते, याची दोन उदाहरणे वर्गात आवर्जून सांगावीत अशी आहेत. टिग नोटॅरो यांनी २०१२ साली, कर्करोगाचे निदान होऊन काहीच दिवस झाले असताना, लॉस एंजेलिसमध्ये मंचावर येऊन नमस्कार-चमत्कारातच तो रोग जाहीर केला आणि पुढचा कार्यक्रम त्यावरच केला. दोन्ही स्तन काढल्यानंतर, २०१५ साली चित्रित झालेल्या कार्यक्रमात त्यांनी सदरा काढला आणि व्रण दिसत असताना नेहमीच्याच विषयांवर बोलत राहिल्या. प्रेक्षक आधी दचकले, मग हळूहळू विसरले. येथे विनोद रूपावर नव्हताच. रूप समोर होते आणि विनोद दुसरीकडे चालला होता.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या हॅना गॅड्स्बी यांचे. २०१८ साली ‘नॅनेट’ हा त्यांचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला. आपण आपल्या दिसण्यावर आणि वेगळेपणावर वर्षानुवर्षे विनोद करत आलो, ते आता थांबवणार आहोत, असे त्यांनी मंचावरच सांगितले. ज्याला समाजाने आधीच कडेला ढकलले आहे त्याने स्वतःची टिंगल करणे हा विनय नसून मानहानी आहे, असा त्यांचा युक्तिवाद. त्याहून आपल्या कामाचा आहे तो त्यांनी केलेला रचनेचा विचार. विनोदाला दोनच भाग लागतात, ताण निर्माण करणे आणि तो सोडणे. गोष्टीला तीन लागतात, आरंभ, मध्य आणि शेवट. विनोद करायचा म्हणून आपण आपल्या आयुष्यातली गोष्ट दुसऱ्या भागाशीच, म्हणजे जिथे हशा येतो तिथेच, तोडत आलो आणि पुढे काय झाले ते कधी सांगितलेच नाही.

गॅड्स्बींचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलावा असे मला वाटत नाही. स्वतःवर हसणे थांबवा असे मराठी माणसाला सांगितले तर आपल्या विनोदी वाङ्मयातून चिमणराव वजा होईल, आणि तो मला परवडणार नाही. पण चिमणरावाला जे परवडले ते सगळ्यांना परवडत नाही, हे मात्र मान्य करायला हवे. येथे तो विदूषकाचा मोदक आठवावा. पांढरपेशा घरातला, शिकलेला पुरुष स्वतःच्या टकलावर हसतो तेव्हा त्याच्या खिशातले काही जात नाही. उलट ‘किती दिलखुलास!’ असे श्रेयच मिळते.

निमगोरी

मुलींच्या वाट्याला आलेली भाषा पाहिली की हा हिशेब अधिक उघडा होतो. गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी ही आपल्या वधू-वर सूचक मंडळांच्या फॉर्मवरची उतरती भाजणी. ‘निमगोरी’ असा शब्द आहे. ‘निमकाळी’ असा नाही. हिशेब नेहमी गोरेपणाच्या बाजूनेच मांडायचा. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ या वाक्यातल्या ‘पण’वर एक अख्खा तास घेता येतो आणि मी घेतलेला आहे. ‘नाकीडोळी नीटस’ ही मूळची स्तुती. ‘पण’च्या पुढे आली की ती भरपाई होते.

त्या तासाला एका विद्यार्थिनीने लिहून आणलेला मजकूर तिच्या परवानगीने देतो. ‘गोरं करणाऱ्या त्या प्रसिद्ध क्रीमनं २०२० साली आपलं नाव बदललं. माझ्या मावशीनं माझं अजून बदललेलं नाही.’ आणि थोडे पुढे, ‘विठोबाला सावळा म्हटलं की अभंग होतो. मला म्हटलं की मावशीचा उसासा होतो.’ मुले मनसोक्त हसली. हसे कुणाचे झाले? क्रीमचे आणि मावशीचे. मुलगी स्वतःच्या रंगाविषयी बोलते आहे आणि रंगाला हातही लावत नाही. स्वतःला एकही विशेषण न लावता तिने सगळी विशेषणे लावणाऱ्यांना उभे केले. तिला कुणी हे शिकवले नव्हते. तिने असे का लिहिले, हे विचारल्यावर म्हणाली, ‘सर, माझ्यावर हसायला घरात माणसं भरपूर आहेत. मी कशाला भर घालू?’

रंगावरच्या विनोदात आणखी एक गोष्ट दडलेली असते आणि ती वर्गात बोलायला आपण शिक्षक कचरतो. मराठीत रंग, दात, केस, अंगकाठी यांविषयीच्या शब्दांना जातीचा वास आहे. ‘आमच्यातली वाटत नाही’ हे वाक्य रूपाविषयीचे आहे असे म्हणणारा भाबडा तरी असतो किंवा लबाड. एखादा वतनदार घरातला मुलगा आपल्या काळ्या रंगावर बोलतो तेव्हा हशा रंगापाशी थांबतो. वस्तीतून आलेला मुलगा तेच वाक्य बोलतो तेव्हा सभागृहातल्या काहींचा हशा रंगापाशी थांबत नाही, आणि बोलणाऱ्याला ते मंचावरूनही कळते. म्हणून ‘सगळ्यांनी स्वतःवर हसायला शिकले पाहिजे’ हा जो सरसकट उपदेश आपण स्नेहसंमेलनाच्या भाषणात करतो, तो मी अलीकडे बंद केला आहे.

क्रियापद आड येते

थोडे तंत्राविषयी. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. विनोदात ज्या शब्दावर हशा यायचा तो शेवटी हवा. या दोन गरजा बऱ्याच वेळा एकमेकींच्या आड येतात. ‘लग्नाच्या फोटोत नवरीच्या दागिन्यांपेक्षा माझं डोकं जास्त चमकत होतं’ हे वाक्य ठीक आहे, पण ‘डोकं’ आल्याबरोबर लोक हसायला तोंड उघडतात आणि ‘जास्त चमकत होतं’ त्यांच्या हशात बुडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यांचा हशा त्या तीन शब्दांत बुडतो. आपल्या कीर्तनकारांनी यावर फार पूर्वी तोड काढली आहे. प्रश्न विचारावा आणि ‘तर’वर टांगून ठेवावे. ‘लग्नाच्या फोटोत सगळ्यांत जास्त चमकतंय काय? नवरीचं मंगळसूत्र? छे. माझं डोकं.’ ‘दारात उभा कोण, तर...’, ‘म्हणाली काय, तर...’ ही बोली मराठीची रचना क्रियापदाला पुढे काढून नामाला शेवटची जागा मोकळी करून देते. नव्या मुलांची संहिता मी तपासतो तेव्हा निम्म्या दुरुस्त्या याच असतात. हशा क्रियापदावरच असेल, जसा ‘बरेच दिवस आजारी होते’मध्ये आहे, तर अर्थातच त्याला हलवू नये.

दुसरी दुरुस्ती बोलीची. घरात जी भाषा बोलली जाते त्याच भाषेत रूपाची दुखरी जागा असते. आमच्याकडची मुले संहिता लिहायला बसली की एकदम पुण्याची मराठी लिहितात. मग आत्या ‘अजून वाढेल हो तो’ म्हणते. बेळगावात आत्या असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘वाढतंय की अजून!’ त्या ‘की’मध्ये जेवढी माया आहे तेवढीच मुलाला ओशाळे करण्याची ताकद आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या मुलांना त्यांच्या त्यांच्या आत्या ठाऊक असतीलच.

आत्याचे वाक्य मी उगाच घेतले नाही. ते एका मुलाच्या संहितेतले आहे, आणि त्या मुलाविषयी लिहायचे म्हणूनच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

मुलगा बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होता, उंचीने फारच कमी. स्नेहसंमेलनात पाच मिनिटे बोलायचे ठरले. एस.टी.तल्या वरच्या दांड्याला हात पोचत नाही, बँकेच्या काउंटरपलीकडचा कारकून ‘कोण बोलतंय?’ म्हणून उठून बघतो, कंडक्टर न विचारता अर्धे तिकीट फाडतो, असा मजकूर होता. चांगला होता, पण शेवट सापडत नव्हता. शेवट मी सुचवला. कंडक्टरचा प्रसंग अखेरीस घ्यावा आणि छातीवर हात ठेवून म्हणावे, ‘अर्धं तिकीट म्हणजे कोण? तर मी!’ ‘तर’वर टांगून ठेवण्याचे तंत्र शिकवल्याचा मला आनंदही झाला. हशा प्रचंड आला. शिट्ट्या आल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळे महाविद्यालय त्याला ‘अर्धं तिकीट’ म्हणू लागले. कँटीनमध्ये, ग्रंथालयात, मैदानावर. एका वर्गात हजेरी घेतानाही ते नाव उच्चारले गेले. तो चिडला की उत्तर तयार असे, ‘अरे, तूच म्हणालास ना?’

महिन्याभराने तो माझ्याकडे आला. म्हणाला, ‘सर, मी स्टेजवरून उतरलो, पण तो शब्द उतरला नाही.’

माझ्याकडे उत्तर नव्हते. व्याकरण नंतर सुचले. त्याची पहिली चार मिनिटे ‘माझा हात पोचत नाही’ या जातीच्या वाक्यांची होती. मी त्याला शेवटी ‘मी अमुक’ या वाक्यावर नेऊन सोडले होते, आणि माईक काढून घेतला होता. चिमणरावाच्या लेखकाला मिळालेला आडोसा या मुलाला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात जायचे होते ते त्याच नावाने आणि त्याच उंचीने.

तिसऱ्या वर्षाला, निरोपसमारंभात, तो पुन्हा उभा राहिला. या वेळी मला काही दाखवले नव्हते. जसे आठवते तसे देतो.

‘आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. दर पाडव्याला आई मला उभं करून उंची मोजायची. पहिल्या नऊ खुणा वेगवेगळ्या. पुढच्या सगळ्या एकावर एक. एवढी जाड रेघ झालीय, की पाहुण्यांना वाटतं, पुराचं पाणी इथवर आलं होतं. आत्या दर वर्षी रेघ बघते आणि म्हणते, वाढतंय की अजून! आत्या, मी एकवीस वर्षांचा आहे. आता वाढलंच तर पोट वाढेल. काकांनी सांगितलं, लोंबकळ. दोन वर्षं लोंबकळलो. हात लांब झाले.’

येथपर्यंत सभागृह हसत होते. मग तो म्हणाला, ‘एका पाडव्याला आई आलीच नाही मोजायला. मीच विचारलं, आई, मोजायचं नाही? म्हणाली, पेन्सिल घावेना रे. पेन्सिल तिच्या हातात होती.’

कुणी हसले नाही. त्याने ती शांतता बरीच वेळ राहू दिली. मला मागच्या रांगेत उगाच घाम फुटला.

‘मग मी पेन्सिल घेतली, तिला चौकटीला टेकवून उभं केलं आणि तिची खूण काढली. पुराच्या रेघेच्या दोन बोटं खाली. आईला म्हटलं, बघ, मी तुझ्या अपेक्षांपेक्षा उंच आहे की नाही ठाऊक नाही. तुझ्यापेक्षा आहे.’

हशा आला तो पहिल्या वर्षीइतका मोठा नव्हता. कार्यक्रम संपल्यावर तीन-चार मुले त्याच्याभोवती उभी राहून आपापल्या घरच्या चौकटींविषयी सांगत होती. एक मुलगी तिच्या घरी आजोबांनी खिळ्याने भिंतीवर कोरलेल्या खुणा रंगकाम झाल्यावरही दिसतात असे सांगत होती. ‘अर्धं तिकीट’ म्हणून लांबून हाक मारणारे दोघे तेव्हाही होते. त्याने त्यांना हात केला आणि त्या मुलीला विचारले, ‘कितव्या वर्षी थांबल्या तुझ्या खुणा?’